‘फुटली’, ‘हातून फुटली’ आणि ‘फोडली’ : वाटेत मोडलेल्या मालाच्या दाव्याची भाषा

‘बरणी फुटली’, ‘त्याच्या हातून बरणी फुटली’ आणि ‘त्याने बरणी फोडली’ ही तीन वाक्ये मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच नेमकेपणाने वापरू लागते. लोणच्याची बरणी जमिनीवर पडली असता यांपैकी कोणते वाक्य उच्चारावयाचे, यावर पुढील शिक्षा अवलंबून असते, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या वाक्यात घटना आहे, पण कर्ता नाही. दुसऱ्यात माणूस आहे, परंतु त्याची इच्छा नाही. तिसऱ्यात माणूस आहे आणि त्याची कृतीही आहे. ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’, ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’, ‘गळणे’ आणि ‘गाळणे’ अशा जोड्या मराठीत पुष्कळ आहेत. आणि त्यांच्या मधोमध ‘हातून’ हा शब्द उभा राहून अपघात व अपराध यांच्यामधील प्रदेश दाखवितो. कायदा ज्यास निष्काळजीपणा म्हणतो, तो बहुतांशी याच प्रदेशात येतो.

ही केवळ व्याकरणातील गंमत नव्हे. घरबसल्या ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांचा वर्ग गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बराच वाढला आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी, कोकणातील कोकम सरबत, घरगुती लोणची, पेणच्या गणेशमूर्ती अशा वस्तू कुरियरने किंवा टपालाने दूरवर जातात व त्यांतील काही वाटेत मोडतात. मग विक्रेत्यास त्या मोडण्याविषयी लिहावे लागते. ग्राहकास, वाहतूकदारास आणि विमा कंपनीस अशी तीन ठिकाणी त्याची वाक्ये वाचली जातात, आणि प्रत्येक वाचक त्या वाक्यातून निराळीच गोष्ट शोधीत असतो. पुष्कळ दावे फेटाळले जातात ते माल मोडला नव्हता म्हणून नव्हेत, तर तो कसा मोडला हे सांगणारा शब्द चुकीच्या खान्यात पडला म्हणून. तो शब्द कोठे व कसा चुकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी पेणची मूर्ती घेणे सोयीचे आहे. रायगड जिल्ह्यातील हे गाव गणेशमूर्तींचे जुने व नामांकित केंद्र असून तेथील मूर्ती देशभर आणि परदेशातील मराठी कुटुंबांकडेही जातात. समजा, एका विक्रेत्याने सहा हजार रुपये किमतीची शाडूची मूर्ती नागपूरच्या ग्राहकास कुरियरने पाठविली. वाहतुकीचा आकार दोनशे रुपये झाला. ग्राहकाने खोके उघडले तेव्हा मूर्तीचा वरचा हात मनगटापासून निखळलेला व पाठीवर एक उभी चीर पडलेली आढळली. आता सहा हजार रुपये कोणाचे गेले?

ग्राहकाचे नक्कीच गेले नाहीत, असे कोणीही म्हणेल. परंतु कायद्याचे जुने उत्तर इतके सरळ नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, अन्यथा ठरलेले नसेल तर, मालाची मालकी ज्याची त्याचीच जोखीम असते. ग्राहकाकडे पोहोचविण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो प्रथमदर्शनी ग्राहकाच्या हवाली केला असे मानले जाते. मात्र त्याच कलमात विक्रेत्यावर एक बंधन आहे. मालाचे स्वरूप लक्षात घेऊन त्याने वाहतूकदाराशी योग्य तो करार केला पाहिजे. तसे न केल्यास वाटेतील हानी ग्राहक आपली मानण्यास बांधलेला नाही. माल समुद्रमार्गे जावयाचा असेल व अशा वेळी विमा उतरविण्याची रीत असेल, तर ग्राहकास विमा उतरविता यावा म्हणून वेळेवर कळविणे हेही विक्रेत्याचेच काम ठरते. अमेरिकेकडे मूर्ती रवाना करणाऱ्यांनी हे पोटकलम ध्यानात ठेवावे असे आहे. प्रत्यक्षात आजच्या ऑनलाइन व्यवहारात या साऱ्या बारकाव्यांना फारसे स्थान उरलेले नाही. २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष निघालेला किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास अथवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. तेव्हा व्यवहारात ग्राहकाचे सहा हजार परत जातात आणि प्रश्न विक्रेत्याच्या दारात येऊन थांबतो.

येथे ‘जोखीम’ या शब्दाकडे क्षणभर पाहणे अवश्य आहे. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक धोका, हा सर्वांस ठाऊक आहे. दुसरा, मौल्यवान वस्तू. ‘अंगावर जोखीम घेऊन रात्रीचा प्रवास करू नये’ असे म्हणणारी आजी दागिन्यांविषयी बोलत असते. जे मोलाचे तेच धोक्याचे, म्हणून दोहोंस एकच नाव पुरे होते. व्यापाराने मात्र हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडविले: वस्तू एकाची आणि तिचा धोका दुसऱ्याचा, अशी व्यवस्था लावली. देशी पेढ्यांवर पूर्वी चालणारी ‘जोखमी हुंडी’ हे याचे उत्तम उदाहरण होय. जहाजावर माल चढविणारा व्यापारी अशी हुंडी विकून आगाऊ पैसे उचलीत असे. माल सुखरूप बंदरास लागला तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही त्याबरोबर बुडत. ती एकाच कागदावर हुंडीही होती आणि विमाही होता. हुंडी विकत घेणारा या धोक्याचा मोबदला किमतीतून वळता करून घेई. आजच्या विक्रेत्यास याच कामासाठी दोन निरनिराळ्या पक्षांकडे जावे लागते, आणि गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

यांपैकी पहिला पक्ष वाहतूकदार. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांची जबाबदारी दीर्घकाळ १८६५ च्या वाहतूकदार कायद्याने ठरत असे. त्याची जागा २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याने घेतली व हा कायदा २०११ पासून अमलात आला. त्यातील ‘सामान्य वाहतूकदार’ या व्याख्येत घरपोच माल नेणाऱ्या कुरियर संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकार मात्र त्यातून वगळले आहे. दोन्ही कायद्यांत भाषेच्या अभ्यासकास लक्षणीय वाटावे असे एक तत्त्व आहे. माल हरवला किंवा त्याची हानी झाली तर वाहतूकदाराचा अथवा त्याच्या नोकराचा निष्काळजीपणा वा गुन्हा दावेदाराने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. म्हणजे वाहतूकदारापुढे ‘फुटली’ एवढेच पुरेसे आहे. ‘हमालाच्या हातून फुटली’ हे सांगण्याची गरज नाही, मग ‘हमालाने फोडली’ हे दूरच राहिले. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगा अशा काही मोजक्या कारणांचा आधार घ्यावयाचा असेल तर तो वाहतूकदाराने घ्यावयाचा. असे असता सामान्य विक्रेता आपल्या तक्रारीत काय लिहितो? तो संतापाने लिहितो, ‘तुमच्या माणसांनी खोके फेकले व मूर्ती फोडली.’ जे सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने त्याच्या खांद्यावर ठेवलेलेच नव्हते, ते तो आपल्या हाताने उचलून घेतो आणि फेकाफेक कोणी पाहिली, या प्रश्नापाशी अडतो.

वाहतूकदार जबाबदार असला तरी किती जबाबदार, हा प्रश्न वेगळा. २०११ च्या नियमांप्रमाणे ही जबाबदारी साधारणतः वाहतूक आकाराच्या दहापटीपुरती मर्यादित आहे, आणि तीही मालाच्या जाहीर केलेल्या किमतीहून अधिक असू शकत नाही. पाठविणाऱ्याने जोखमीचा चढा दर देण्याचे स्पष्टपणे मान्य केले असेल तरच ही मर्यादा उठते. आपल्या उदाहरणात दोनशेची दहापट म्हणजे दोन हजार. मूर्तीच्या किमतीतील उरलेल्या चार हजारांस वाहतूकदार बांधील नाही. खोक्यावरील पावतीत ‘किंमत’ हा रकाना असतो. तो रिकामा सोडणे किंवा कर वाचविण्याच्या अथवा घाईच्या भरात त्यात लहानसा आकडा घालणे ही सवय सर्वत्र आहे. ‘नुकसानभरपाई’ हा शब्दच या सवयीचा परिणाम सांगतो. अरबी ‘नुक्सान’ म्हणजे उणेपण, आणि त्यास मराठीने जोडलेली ‘भरपाई’ म्हणजे ते उणेपण काठोकाठ भरणे. त्याहून अधिक नाही. भांड्याची उंची आपणच पाचशे रुपये सांगितली तर त्यात सहा हजार ओतता येत नाहीत.

पावतीमागील बारीक छपाईतील अटींचेही तसेच आहे. न वाचता केलेली सही बांधते काय, हा प्रश्न ‘भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९९६ च्या या निकालात न्यायालयाने पावतीवरील शंभर डॉलरांची मर्यादा ग्राह्य धरली. सही करणारा त्या कागदातील अटींनी बांधला जातो, हा सिद्धांत कायम राहिला. या अटी बहुधा इंग्रजीत असतात, सही करणारा बहुधा मराठीत विचार करीत असतो, आणि करार मात्र दोघांनी समजून केला असे मानले जाते. मुदतीविषयीही सावध राहावयास हवे. २००७ च्या कायद्यानुसार दावा दाखल करण्यापूर्वी, आणि माल नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत, वाहतूकदारास लेखी सूचना गेली पाहिजे. कंपन्यांच्या छापील अटींत तक्रारीची मुदत अनेकदा याहून पुष्कळच कमी लिहिलेली असते. दूरध्वनीवरून केलेली तक्रार लेखी सूचना ठरत नाही. टपालाची गोष्ट याहून कडक आहे: १८९८ च्या टपाल कायद्याने सरकारने स्वतःहून पत्करलेल्या जबाबदारीखेरीज अन्य कोणतीही जबाबदारी नाकारली होती, आणि त्याच्या जागी २०२४ पासून अमलात आलेल्या २०२३ च्या कायद्यानेही मूळ धोरण तेच ठेवले आहे. म्हणून टपालाने मोलाची वस्तू पाठविताना ती विमा उतरवूनच पाठवावी हे उत्तम.

दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि येथे भाषेची परीक्षा अधिक कठीण होते. फारसीत ‘बीम’ म्हणजे भय. आपला ‘विमा’ फारसी ‘बीमा’ या शब्दावरून आला असून त्याचा संबंध या भयाशी जोडला जातो. परंतु विमापत्र प्रत्येक भय स्वीकारीत नाही. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात अ, ब, क असे तीन प्रकारचे अटींचे संच प्रचलित आहेत. ‘क’ मध्ये आग व वीज एवढेच. ‘ब’ मध्ये त्यांजबरोबर पूल कोसळणे, वाहनाची टक्कर होणे, वाहन उलटणे, रुळावरून घसरणे असे नामनिर्दिष्ट अपघात. ‘अ’ मध्ये, वगळलेल्या बाबी सोडून, सर्व धोके. ‘ब’ प्रकारचा विमा घेतलेल्या विक्रेत्याची मूर्ती, मालमोटार न उलटता, केवळ गोदामात खोक्यावर खोके पडून मोडली, तर त्यास काहीही मिळत नाही. ‘फुटली’ हे क्रियापद तेथे अपुरे पडते. कोणत्या घटनेने फुटली, हे सांगावेच लागते. ‘अ’ प्रकारात मात्र स्थिती निराळी आहे. पॅटागोनियातून इंग्लंडात आलेली लोकर भिजल्यावरून झालेल्या गाँट यांच्या खटल्यात ब्रिटिश उमरावांच्या सभेने १९२१ मध्ये असे ठरविले की, सर्व धोक्यांच्या विम्यात अपघाताचे नेमके स्वरूप सिद्ध करण्याची गरज नाही. काही आकस्मिक बाह्य कारण घडले एवढे दाखविले की पुरे. म्हणजे पुन्हा ‘फुटली’ हे पुरेसे ठरले. पण एका अटीवर: फुटण्याचे कारण वस्तूच्या बाहेरचे असले पाहिजे.

या अटीमुळे मराठी क्रियापदांची संपत्ती एकदम महत्त्वाची होते. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे, विमापत्रात अन्यथा लिहिलेले नसेल तर, सामान्य झीज, सामान्य गळती व फूट, आणि मालाच्या अंगचा दोष यांबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यातही अशाच बाबी वगळलेल्या असतात. आता मराठी काय करते ते पाहावे. काच फुटते, काठी मोडते, दोरी तुटते, कापड फाटते. पितळेचे भांडे चेपते, कपाचा टवका उडतो, पापड सादळतो, लोणचे बुरसते, लोखंड गंजते. यांतील काही क्रियापदे ऐकताच कारण बाहेरचे आहे हे कळते: चेपण्यास बाहेरचा दाब लागतो, टवका आघाताशिवाय उडत नाही. बुरसणे आणि आंबणे यांचे बीज मात्र वस्तूच्या अंगीच असते. सादळणे मधले आहे. ओल बाहेरची, पण ती शोषण्याचा गुण पापडाचा. तेलाचा डबा ‘पाझरला’ तर ती सामान्य गळती म्हणून नाकारली जाण्याचा संभव आहे. तेल ‘सांडले’ तर काही घडले असले पाहिजे. आपल्या मूर्तीच्या पाठीवरील चीर ही ‘भेग’ आहे की ‘तडा’? हा भेद सर्वच बोलींत काटेकोरपणे पाळला जात नाही, तथापि भाषेचा कल स्पष्ट आहे. उन्हाळ्यात जमिनीस भेगा पडतात, हिवाळ्यात टाचांस भेगा पडतात. भेग ही कोरडेपणाने आतून उमलते. तडा बहुधा धक्क्याने किंवा तापाने जातो. शाडू वाळताना त्यास भेगा पडतात, हे प्रत्येक मूर्तिकार जाणतो. आणि विमा कंपनीचा पाहणीदारही ते जाणतो. विक्रेत्याने मनात ‘तडा’ म्हणून अर्जात इंग्रजीत ‘क्रॅक’ लिहिले, की हा भेद पुसला जातो. पाहणीदार मग त्यास ‘भेग’ असे वाचू शकतो, व दावा मालाच्या अंगच्या दोषात जमा होतो. निखळलेल्या हाताविषयी असा संशय उद्भवत नाही. म्हणून दोन हानींचे वर्णन एका ‘डॅमेज्ड’ या शब्दात न गुंडाळता स्वतंत्रपणे करणे, आणि मोडलेल्या कडेचे छायाचित्र काढणे, यात शहाणपण आहे. ताजी कड आणि वाळताना पडलेल्या भेगेची कड जाणकारास निरनिराळ्या दिसतात.

येथे एक उपकथा सांगण्याजोगी आहे. मराठीत काही वस्तू फुटत नाहीत. देवापुढे नारळ ‘वाढवितात’, आणि सुवासिनीची बांगडी फुटली असे न म्हणता ती ‘वाढवली’ असे म्हणतात. काचेच्या बांगड्या विकणाऱ्या एखाद्या शालीन स्त्रीने ‘पार्सलमध्ये दोन डझन बांगड्या वाढल्या’ असे लिहिले व कोणी त्याचे शब्दशः भाषांतर केले, तर विमा कंपनी तिच्याकडेच अधिक मालाचा हिशोब मागेल! दाव्याच्या कागदावर अशुभ शब्द लिहिण्याचा संकोच सोडावा लागतो.

वगळलेल्या बाबींतील सर्वांत घातक बाब म्हणजे अपुरी वा अयोग्य बांधणी. दावा नाकारण्याचे हे अगदी हाताशी असलेले कारण, आणि ते पुष्कळदा खरेही असते. शाडूच्या मूर्तीभोवती नुसते वर्तमानपत्राचे कागद कोंबून एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात ती पाठविणाऱ्यास सहानुभूती मिळाली तरी पैसे मिळत नाहीत. परंतु बांधणी उत्तम असूनही विक्रेता हरतो, तो आपल्या सौजन्यामुळे. ग्राहकाने मोडलेल्या मूर्तीचे छायाचित्र पाठविले की तो तत्काळ उत्तर देतो, ‘क्षमा करा, आमच्याकडूनच काही कमी राहिले असेल, दुसरी मूर्ती पाठवितो.’ मराठी शिष्टाचारात या वाक्याचा अर्थ कबुली असा नाही. पाहुण्यास पंचपक्वान्ने वाढूनही यजमान ‘काही कमी पडले असेल तर सांभाळून घ्या’ असेच म्हणतो. परंतु हा संदेश दाव्याच्या कागदांत गेला की त्यातील ‘कमी’ हा शब्द बांधणीच्या अपुरेपणाची कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो. क्षमा मागण्यास कोणाची हरकत नसावी. कारण मात्र त्यात घालू नये. ‘मूर्ती मोडलेली मिळाली याचे वाईट वाटते, दुसरी पाठवीत आहोत’ या वाक्यात सौजन्य तेवढेच आहे आणि कबुली कसलीच नाही.

दोन्ही पक्षांस लिहिलेला मजकूर परस्परांशी जुळणे हेही आवश्यक असते. विमा कंपनीने भरपाई दिली की वाहतूकदाराविरुद्धचा विक्रेत्याचा हक्क तिच्याकडे जातो व ती त्याच्या जागी उभी राहते. म्हणून वाहतूकदारास मुदतीत सूचना न देता हा हक्क बुडविणाऱ्या विक्रेत्याची भरपाई कमी होऊ शकते. ‘विमा आहे, मग कुरियरशी कशाला भांडा’ हा समज येथे महागात पडतो. त्याचप्रमाणे माल स्वीकारताना ग्राहकाने केलेली सहीही मोजली जाते. पूर्वी पावतीच्या कडेला ‘खोके दबलेले आहे’ असा शेरा लिहिता येई. आता पुष्कळदा बोटाने काचेवर सही करावयाची किंवा नुसता सांकेतिक आकडा सांगावयाचा असतो. शेऱ्यास जागाच ठेवलेली नसते. अशा वेळी खोके उघडण्यापूर्वी बाहेरून काढलेले छायाचित्र व त्याच दिवशी पाठविलेला लेखी संदेश हाच शेरा समजावा लागतो.

शेवटी मूळ मूर्तीचा प्रश्न उरतो. हात निखळलेली मूर्ती ही पूर्ण हानी की अंशतः? १९६३ च्या कायद्याप्रमाणे वस्तू नष्ट झाली, किंवा विमा उतरविलेल्या प्रकारची वस्तू म्हणून ती उरलीच नाही इतकी बिघडली, तर ती प्रत्यक्ष पूर्ण हानी होय. पाहणीदार म्हणेल, हात चिकटवून रंगाचा एक हात दिला की झाले. दुरुस्तीचा खर्च पाचशे रुपये. ग्राहक म्हणेल, ही मूर्ती ‘खंडित’ आहे, हिची प्रतिष्ठापना होणार नाही. धर्माचाराच्या दृष्टीने प्राणप्रतिष्ठेपूर्वी ती केवळ घडविलेली मातीच असते व मूर्तिकार स्वतः कारखान्यात असे निखळलेले हात रोज बसवितो, हेही खरे. परंतु अंशतः हानी मानली तरी हिशोब मूळ प्रश्नाकडेच परत येतो. बिघडलेल्या मालाची हानी ठरविण्याची रीत म्हणजे पोहोचण्याच्या ठिकाणी चांगल्या मालाची किंमत काय आली असती आणि बिघडलेल्याची काय येते, यांतील तफावत पाहणे. खंडित ठरलेल्या गणेशमूर्तीस नागपूरच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात कोण किती पैसे देईल? हा प्रश्न दावेदाराने अर्जातच विचारला पाहिजे, आणि त्यासाठी वस्तूचे नाव मुळापासून नीट लिहिले पाहिजे. पावतीवर ‘मातीची शोभेची वस्तू’ असे लिहिले असेल तर पाचशेची दुरुस्ती न्याय्यच ठरते. ‘पूजेची गणेशमूर्ती’ असे लिहिले असेल तर ती पूजेस अयोग्य झाली, हे म्हणण्यास निदान जागा राहते.